सदतीस टक्के

"चालतंय ना, मग कशाला हात लावतेस?" असं कुणी म्हटलं की धाकटीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरातली शिवणयंत्राची मोटर असो की प्रयोगशाळेतलं मोजयंत्र, तिचं म्हणणं एकच, बंद पडलेल्याकडे सगळेच बघतात, चालणाऱ्याकडे बघायला शिका. आणि नेमक्या याच बाईने दोन महिने एका चालणाऱ्या गोष्टीला हात लावला नाही, कारण ती गोष्ट तिच्या बाजूने चालत होती. माणूस आहे, होतं असं. पण झालं ते झालं म्हणून तिने सोडून दिलं नाही, आणि सांगायचं आहे ते त्याबद्दलच.

धाकटी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत उत्प्रेरक बनवायची. गाडीच्या धुरात नायट्रोजनचे ऑक्साइड असतात, डोळे चुरचुरवणारे, छातीत घर करून बसणारे. त्या धुरात थोडा अमोनिया सोडायचा आणि दोघांना उत्प्रेरकाच्या भुकटीतून न्यायचं, की दोघांचा मिळून साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ होते. अडचण एवढीच, की हे सगळं होतं गरम धुरात. इंजिन गार असलं की उत्प्रेरक खुशाल झोपा काढतो. धाकटीला गारव्यात जागा राहणारा उत्प्रेरक हवा होता. एकशेवीस अंशांवर काम करणारा, कारण धुराच्या हिशेबात एवढं म्हणजे गारच.

तिला तो का हवा होता, हे कळायला ताईकडे बघायला हवं. ताई तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. वडील गेले तेव्हा ताईने शाळा सोडून हातात पाना घेतला, म्हणून धाकटीच्या हातातलं पुस्तक हातातच राहिलं. आता ताई बस डेपोत हेड मेकॅनिक होती. बसखालच्या खड्ड्यात उभं राहून काम. रोज सकाळी साडेपाचला बंद शेडमध्ये चाळीस बस एकदम चालू करायच्या आणि ब्रेकला हवा भरेपर्यंत जागच्या जागी घुरघुरत ठेवायच्या. इंजिनं गार, धूर गार, आणि तो सगळा खड्ड्यात पाण्यासारखा साचायचा. ताईला एक खोकला होता. ती त्याला 'माझा अलार्म' म्हणायची. "वाजला की उठायचं," असं म्हणून हसायची, आणि हसता हसता परत खोकायची.

एकदा जेवताना धाकटी तिला समजावत होती, "उत्प्रेरक स्वतः काही झिजत नाही, बदलत नाही. नुसता बसून दुसऱ्यांना कामाला लावतो."

"म्हणजे आमचा सुपरवायझर," ताई म्हणाली.

भुकटी फिकट निळी असायची, म्हणून ताईच्या तोंडी तिचं नाव 'नीळ' पडलं. "काय गं, कुठवर आली तुझी नीळ?" हा रोजचा प्रश्न. उत्तरही बरेच महिने एकच होतं. सोळा वेळा भुकटी केली, सोळा वेळा तीस, पस्तीस, फार तर छत्तीस टक्के वायू कमी झाला. सतराव्या वेळी धाकटीने भुकटी धुण्याची पद्धत बदलली आणि आकडा आला एक्क्याण्णव. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा एक्क्याण्णव. संचालक, जे एरवी फक्त नव्या यंत्रांच्या पाठीवर थाप मारायचे, ते स्वतः येऊन तिच्या पाठीवर थाप मारून गेले.

मग गोष्टी भराभर हलल्या. डेपोच्या इंजिनिअरांपुढे दोन पर्याय होते. शेडमध्ये धूर ओढून नेणारे मोठे पंखे आणि पाइप बसवायचे, किंवा प्रत्येक बसला धाकटीच्या भुकटीचा डबा बसवायचा. दोन्ही मिळणार नव्हतं. इंजिनिअर जुन्या वळणाचे, त्यांनी साठ कामगारांना बोलावून विचारलं. ताई उभी राहिली. म्हणाली, "पंखे धूर बाहेर फेकतील, म्हणजे आपली पीडा शेजाऱ्याच्या खिडकीत. माझ्या बहिणीचा डबा धुराला जागच्या जागी मारतो. मी शब्द देते." ताईने आवळलेला नट कधी सैल झाल्याचं डेपोत कुणी पाहिलं नव्हतं. साठच्या साठ हात वर गेले आणि पंख्यांचं काम थांबलं.

शुक्रवारी प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर चाचणी करायची, एकशेवीस अंशांवर ऐंशी टक्क्यांच्या वर आकडा दिसला की लगेच सह्या, असं ठरलं. कामगारांच्या वतीने चाचणी बघायला ताईच येणार होती.

त्या आठवड्याच्या मंगळवारी यंत्राच्या नळीतला दाब थोडा चढलेला दिसला. फिटरकाकांनी भुकटीच्या नळीपुढचा पाइपचा बाक सोडवला, आत बोट घातलं आणि म्हणाले, "मॅडम, पाइपला मीठ लागलंय."

धाकटीने बघितलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. आतून पांढरा थर. मीठ कसलं! वायू आणि अमोनिया थंड पाइपात एकमेकांना भेटले, की असा पांढरा क्षार होऊन भिंतीला चिकटतात. मोजयंत्रापर्यंत पोचतच नाहीत. यंत्र बिचारं सांगतं, वायू गेला. अरे गेला कुठे, तर बाकात बसला! असं होऊ नये म्हणूनच त्या बाकावर तापवायची पट्टी गुंडाळलेली असते. पाइप गरम राहिला की क्षार बसत नाही.

"पट्टी कुठे आहे इथली?" तिने विचारलं.

काकांनी गुपचूप यंत्रातल्या बदलांची वही उघडून पुढे धरली. त्यांच्या किरट्या अक्षरात लिहिलं होतं, 'बाकाची पट्टी काढून तीन नंबरच्या यंत्राला. मॅडमनी. एका दिवसासाठी.' तारीख दोन महिन्यांपूर्वीची. सतरावी भुकटी ज्या दिवशी पहिल्यांदा नळीत भरली, त्याच्या आदल्याच दिवसाची.

एका दिवसासाठी! जगातली निम्मी वाटोळी याच शब्दांनी होतात. आता आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगते कुणाला?

तरी तिने त्याच दुपारी सगळं तपासलं. बाक तसाच थंड ठेवून नळीत काही म्हणता काही भरलं नाही, आणि वायू सोडला. रिकाम्या नळीने चौऱ्याऐंशी टक्के वायू 'कमी' केला. ऐंशीची परीक्षा रिकामी नळी पास! मग दुसरा, धुतलेला बाक लावला, त्यावर पट्टी गुंडाळली, पुन्हा रिकामी नळी. आता जवळजवळ शून्य. शेवटी तीच गरम पट्टी आणि सतरावी भुकटी. सदतीस. नव्या धुण्याने भुकटी सुधारली होती, नाही असं नाही. किती, तर एक टक्का. मग तिने जुना बाक पट्टीशिवाय, होता तसा परत जोडून ठेवला.

बसला काही असा लांब थंड पाइप आणि बाक नसतो, ज्यात वायू निमूट जाऊन बसेल. धूर सरळ खड्ड्यात येणार. वर न वापरला गेलेला अमोनिया, मुतारीसारखा वास मारत. आणि पंखे नसणार, कारण ताईने शब्द दिलाय. धाकटी स्टुलावर बसून राहिली. तिला रडायला आलं नाही, स्वतःचाच इतका राग आला की कान तापले.

बुधवारी ती संचालकांकडे गेली. वही, आकडे, क्षाराची बाटली, सगळं टेबलावर मांडलं. त्यांनी उठून आधी दार लावलं.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"फिटरकाकांना मीठ दिसलं. बाकी मला."

"मग ठीक आहे. शुक्रवारी यंत्र जसं होतं तसं ठेवायचं. पट्टी नाही. करारात लिहिलंय, आमच्या नेहमीच्या पद्धतीने चाचणी. दोन महिने आपली नेहमीची पद्धत हीच होती."

"सर, ती पद्धत नव्हती, ती माझी चूक होती."

"बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची," संचालक हसून म्हणाले. "एकदा डबे बसू द्या. मग करा ना सुधारणा, अठरावी, एकोणिसावी, कुणी अडवलंय? सोमवारी तुमच्या कायम नेमणुकीच्या पत्रावर मी सही करणार आहे. सात वर्षं वाट बघताय."

"मुठीत काही असेल तर ती झाकायची ना सर. इथे तर नळी रिकामी आहे."

हसू गेलं. "तुमची चूक, तुमची सही, तुमचे आकडे. बोंब मारली तर पहिलं बोट तुमच्याकडेच वळेल. आणि तुम्ही नाही म्हणालात तर दुसरं कुणीही चाचणी करेल. यंत्र जसं होतं तसंच ठेवायचं. कळलं?"

"कळलं सर," धाकटी म्हणाली. "यंत्राला बोटही लावत नाही. पण चाचणी मीच करणार."

"शहाण्या आहात," संचालक म्हणाले. शहाणपणाची त्यांची कल्पनाच तेवढी.

गुरुवारी संध्याकाळी ती ताईला सांगायचं ठरवून घरी गेली. ताई शर्टाला इस्त्री करत होती, दुसऱ्या दिवशीसाठी. नखांतलं वंगण काढायला तिने ब्रश घासघासून बोटं लाल केली होती. आई पलंगावरून म्हणत होती, "अगं, लग्नाला निघाल्यासारखी काय तयारी!"

"लग्नापेक्षा मोठं आहे," ताई म्हणाली. "साठ जण विचारताहेत, तुमच्या बहिणीला बघायला आम्हीही येऊ का. मी म्हटलं, प्रयोगशाळा आहे, जत्रा नाही. धाकटे, तू काय घालणार आहेस? तो भुकटीचे डाग पडलेला कोट घालून उभी राहिलीस तर तंगडं मोडीन."

"ताई, उद्या…"

"उद्या तू बोलायचं, मी ऐकायचं. आयुष्यभर उलटं चालत आलंय." आणि ताई हसली, आणि अलार्म वाजला. चांगला दोन मिनिटं वाजला. इस्त्री बाजूला ठेवून ती भिंतीला धरून उभी राहिली. खोकला थांबल्यावर तिने आधी शर्टावर डाग तर पडला नाही ना, ते बघितलं.

धाकटीने तोंड मिटलं ते मिटलंच.

शुक्रवारी सकाळी तिने फिटरकाकांना चहाला पिटाळलं. "मॅडम, नळी मी भरतो की नेहमीसारखी," ते म्हणाले.

"आज नाही काका. आज तुम्ही नळीला हात लावला नाहीत, हे चार लोकांनी बघायला हवं. जा, दोन कप प्या."

चाळीस वर्षं पाइप जोडणाऱ्याला काय गळणार आहे ते आधी कळतं. "मी धुतलेला बाक कपाटात वरच ठेवलाय," एवढं बोलून काका गेले.

अकरा वाजता मंडळी जमली. संचालक, डेपोचे इंजिनिअर, कडक इस्त्रीच्या शर्टातली ताई, आणि लांब उभे राहिलेले काका. टेबलावर करार उघडून ठेवलेला, त्यावर पेन. भट्टी एकशेवीसवर, नळी भट्टीच्या पोटात. आतलं काही दिसायचा प्रश्न नव्हता.

"आता नुसता वायू सोडलाय," धाकटी म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा सरळ निघाला. मोजयंत्राच्या पडद्यावर वायूचा आकडा होता पाचशे. "आता अमोनिया सोडते."

तिने तोटी उघडली. पाचशे. चारशे ऐंशी. चारशे दहा. ताईने इंजिनिअरांच्या दंडाला हात लावला, मग लक्षात येऊन काढून घेतला. तीनशे. एकशे नव्वद. पंधरा मिनिटांनी आकडा ऐंशीवर येऊन थांबला.

"पाचशेचे ऐंशी," संचालक म्हणाले, "म्हणजे चौऱ्याऐंशी टक्के!" एक्क्याण्णवपेक्षा कमी का आले, हा प्रश्न त्यांना पडला असेल, पण ऐंशीच्या वर होतं ना, मग त्यांनी तो गिळला.

पहिली टाळी ताईची. खड्ड्यात हातोडा चालवणाऱ्या हातांची टाळी ती, खोली दणाणली. तिचे डोळे भरले होते आणि तिला ते लपवायचेही नव्हते. इंजिनिअरही टाळ्या वाजवायला लागले. संचालकांनी पेन उचलून त्यांच्या हातात दिलं.

"थांबा," धाकटी म्हणाली. "सही करायच्या आधी नळी बघून घ्या."

"त्याची काही गरज नाही," संचालक घाईने म्हणाले. "भट्टी गरम आहे."

"हातमोजे आहेत."

तिने वायूच्या दोन्ही तोट्या बंद केल्या, जोड सोडवले आणि नळी बाहेर काढली. खिडकीकडे नेऊन उजेडात आडवी धरली. काचेच्या नळीतून पलीकडची भिंत, भिंतीवरचं घड्याळ, सगळं स्वच्छ दिसत होतं.

"यात भुकटी कुठे आहे?" इंजिनिअरांनी विचारलं.

"नाही. आज सकाळपासून यात काही नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्यात त्या रिकाम्या नळीला."

मग तिने सगळं सांगितलं. थंड बाक, पांढरा क्षार, पट्टी. "ती पट्टी मी काढली. एका दिवसासाठी म्हणून काढली आणि विसरले. चूक माझी आहे, आकडेही माझे, सही माझी. मी बुधवारी संचालकांना सांगितलं, त्यांनी यंत्र जसं आहे तसंच ठेवायला सांगितलं. मी तसंच ठेवलंय. कशालाही हात लावलेला नाही."

संचालकांचा चेहरा विटेसारखा झाला होता. "या बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. हा विश्वासघात आहे. आत्ताच्या आत्ता सामान उचला आणि निघा. सोमवारपासून फाटकाच्या आत दिसायचं नाही!"

धाकटी मात्र ताईकडे बघत होती. ताईच्या तळव्यांची टाळी अजून अर्धवट जुळलेली होती. तिने ते हात सावकाश खाली घेतले.

"हा डबा आमच्या बसला लागला असता," ताई म्हणाली, "तर सकाळी शेडमध्ये काय झालं असतं?"

"आत्ता होतंय त्यातलं निम्म्याहून जास्त तसंच. वर अमोनिया. आणि पंखे नाहीत."

"आणि मी साठ जणांना शब्द दिला होता."

"हो ताई."

"मला आधी का नाही बोललीस? काल इस्त्री करत होते तेव्हा? मूर्खासारख्या टाळ्या पिटल्या मी इथे सगळ्यांपुढे!" ताईचा आवाज चढला.

"बोलले असते तर तू मला गप्प बसवलं असतंस," धाकटी म्हणाली. आता तिचाही आवाज चढला. "म्हणाली असतीस, सात वर्षं वाट बघतेयस, नोकरी कायम होऊ दे, मी खड्ड्यात खोकत बसेन, मला सवय आहे. म्हण, नसतं म्हटलंस?"

"म्हटलंच असतं," ताई म्हणाली.

"म्हणूनच नाही सांगितलं. एकदा तू माझ्यासाठी शाळा सोडलीस, बास झालं. आता छाती नाही सोडायची."

इंजिनिअरांनी पेनाला टोपण लावलं. करार उचलून आपल्या पिशवीत घातला, सही न करता. "पंख्यांचं काम सोमवारपासून पुन्हा सुरू होईल," ते संचालकांना म्हणाले. मग धाकटीकडे वळले. "पण बाई, मला खरा आकडा बघायचाय. भुकटी भरून, पट्टी लावून. किती वेळ लागेल?"

"तासभर."

"यांना आत्ता निघायला सांगितलंय मी," संचालक म्हणाले.

"मी पाहुणा आहे तुमचा," इंजिनिअर म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. "मी थांबतो."

पाहुण्याला कोण हाकलणार? संचालक दारात जाऊन उभे राहिले, ना आत ना बाहेर. फिटरकाका कपाटाकडे गेले आणि धुतलेला बाक घेऊन आले. तो जोडून नट आवळताना ते गुणगुणत होते. धाकटीने नळीत निळी भुकटी भरली, नळी भट्टीत ठेवली आणि पट्टी गुंडाळायला घेतली. पट्टी एकदा घसरली, दोनदा घसरली.

"हो बाजूला," ताई म्हणाली. तिने इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर दुमडल्या. "अशी गुंडाळतात होय? टोक धर. घट्ट धर. निघायचंच आहे तर काम पुरं करून निघू. अर्धवट टाकून आपल्या घरातलं कुणी उठत नाही."

तिने एकाला एक लागून वेटोळी घातली, कुठे फट नाही, कुठे चढ नाही. पट्टी तापली. वायू सोडला, पाचशे. अमोनिया सोडला. आकडा सावकाश उतरायला लागला, आणि तीनशे पंधरावर येऊन बसला. कितीही वेळ बघितलं तरी तो तिथून हलेना.

"सदतीस," धाकटी म्हणाली.

ताई पडद्याच्या अगदी जवळ गेली. "हे खरे?"

"हे खरे. एवढेच आहेत सध्या."

"मग लिही ना, माझ्या तोंडाकडे काय बघतेस? त्या काकांच्या वहीत लिही. खाली सही कर." ताईला खोकला आला. दोन्ही हातांनी टेबल धरून तिने तो निघून जाऊ दिला आणि मान वर केली. "मी उद्या साडेपाचला साठ जणांपुढे उभी राहून सांगणार आहे की मी चुकले, पंखे हवेत. तू शेजारी उभी राहायचंस. आणि हा डागांचाच कोट घालून यायचंस."

धाकटीने वही ओढली. 'एका दिवसासाठी' असं लिहिलेल्या ओळीच्या खाली तिने आजची तारीख घातली आणि लिहिलं, 'पट्टी परत लावली. सदतीस टक्के.' मग सही केली आणि वही दारात उभ्या असलेल्या संचालकांपुढे धरली, कारण त्या वहीत प्रत्येक नोंदीखाली त्यांचीही सही लागायची.